चौऱ्याऐंशी नंबरची काच

देवाजी गजभिये दारू पीत नव्हता. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण तो जिवंत असेपर्यंत हे कोणी सांगितलं नाही. ज्याच्या तोंडून ते यायला पाहिजे होतं त्या बळीरामानं, म्हणजे त्याच्या पोटच्या पोरानं, ते चारचौघांत सांगायला सतरा वर्षं लावली. तोवर त्याचं स्वतःचं तोंड त्याचं ऐकेनासं झालं होतं.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीतली ही गोष्ट. देवाजी कापडगिरणीत साचा, म्हणजे यंत्रावरचा माग, चालवायचा. बायको लवकर गेली, घरात तो आणि बळीराम दोघंच. छप्पन साली दीक्षा घेईपर्यंत सणासुदीला तो मोहाची घ्यायचा, खोटं कशाला बोला! पण मैदानात लाखो लोकांबरोबर बावीस प्रतिज्ञा म्हणून घरी आला, कोनाड्यातली बाटली उचलली आणि दारातल्या दगडावर आपटली. त्यातली एक कपची चौदा वर्षांच्या बळीरामाच्या टाचेत रुतली. ती बापानंच सुईनं काढली आणि हसून म्हणाला, ही आपल्या घरातली शेवटची बाटली. ती खरंच शेवटची होती.

वस्तीत विहार बांधायला काढला, तेव्हा गिरणीतून सुटल्यावर देवाजीनं डोक्यावर विटा वाहिल्या. विहार समितीचे अध्यक्ष भैय्याजी, रेल्वेतले फिटर, आतबाहेर एक असलेला माणूस. त्यांनी एक कायदा घालून दिला होता. प्रतिज्ञा घेऊन कोणी दारूला शिवला असा संशय आला, तर विजयादशमीच्या सभेत त्याला उभं करायचं, पण शपथ त्याची घ्यायची नाही. पिणारा खोटं बोलतो, घरचं माणूस सभेत खोटं बोलत नाही, म्हणून साक्ष घरच्यानं द्यायची. घरचा म्हणेल ते खरं. वस्तीला हा कायदा फार पटला. सात-आठ जणांची दारू त्यानं सोडवली, हेही खरं.

बासष्टच्या सुमारास देवाजीची चाल बिघडली. आधी नुसतं वळताना तोल जायचा. मग पाय फेंगडे टाकून चालायला लागला, रस्त्याच्या कडेनं चालला तर नाली गाठायचा. पाण्याचा गिलास ओठाशी नेताना अर्धा छातीवर. जीभ जड झाली, शब्द तुटक तुटक, ओढल्यासारखे निघू लागले. आता सांगा, मोहाच्या मुलखात असा माणूस दिसला तर कोण म्हणेल की याचं डोकं दुखावलंय? गिरणीत एकदा धोट्याशी हात गेला, दुसऱ्यांदा तोच चालत्या साच्यावर पडला, आणि चौसष्ट साली मुकादमानं त्याला नशेबाज ठरवून घरी बसवलं. तोंडाला वास येत नव्हता, तर लोक म्हणाले, लवंग चघळत असंल. लोकांचं काय जातं?

बळीराम तोपर्यंत मेडिकल कॉलेजात चिकटला होता. पॅथॉलॉजी खात्यात काचा बनवायचं काम. माणसाच्या अवयवाचा तुकडा औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा आणि यंत्राच्या सुरीवर त्याचे केसाहून पातळ पापुद्रे काढायचे. ते पापुद्रे एकमेकांना धरून रिबिनीसारखे उतरतात, कोमट पाण्यावर पसरतात, आणि मग खालून काच घालून अलगद उचलायचे असतात. हात जरा हलला की सुरकुती. बळीरामाचा हात हलत नसे. मोठमोठे डॉक्टर म्हणायचे, कापणी असावी तर बळीरामाची. त्याचं लग्न झालं, कौसल्या घरात आली, सरकारी नोकरी. आणि संध्याकाळी कामावरून यावं तर बाप नाक्यावर भिंत धरून उभा आणि पोरं मागून त्याच्या चालीची नक्कल करताहेत. लाज कशाला म्हणतात ते त्याला त्या दोन वर्षांत कळलं.

सहासष्टच्या विजयादशमीला देवाजीला सभेत उभं केलं. त्याला सरळ उभंही राहता येईना, दोघांनी धरलं. तो काहीतरी बोलू पाहत होता, पण कायद्याप्रमाणे भैय्याजींनी त्याला थांबवलं आणि बळीरामाला विचारलं.

"तू घरचा आहेस बळीराम. सांग गा, पेते का तुहा बाप?"

बळीरामानं बापाला कधी पिताना पाहिलं नव्हतं. वास घेतला होता, चोरून, झोपेत, कितीदा तरी, आणि कधीच आला नव्हता. हे सगळं त्याच्या मनात होतं. पण सगळी वस्ती त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि "नाही" म्हटलं तर मग बाप असा का, याला त्याच्यापाशी उत्तर नव्हतं.

"हाव," तो म्हणाला. "पेते."

देवाजीनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, हे बळीराम पुढं जन्मभर स्वतःला सांगत राहिला आणि त्याचंच त्याला जास्त लागत राहिलं. चार दिवसांनी देवाजी खाप्याला बहिणीकडं, इंदूबाईकडं, गेला. ती हातमागावर लुगडी विणायची. भावाला तिनं सहा वर्षं मागाशेजारी खाटेवर सांभाळला, घास भरवला. बळीराम वर्षातून एकदा जायचा आणि दुपारच्या गाडीनं परत यायचा. एकदा आत्या सहज बोलून गेली की त्यांचा बापही, म्हणजे बळीरामाचा आजा, असाच झुलत चालायचा आणि कन्हानच्या पात्रात पडून मेला. लोक म्हणाले पिऊन पडला. आत्या म्हणाली, पिऊन काहून पडंल, त्याच्याजवळ तंबाखूले पैसा नव्हता. बळीरामानं हे ऐकलं आणि चहा पिऊन निघाला.

बहात्तरच्या हिवाळ्यात देवाजीला अन्ननळीऐवजी श्वासनळीत घास जाऊन न्यूमोनिया झाला. इंदूबाईनं त्याला नागपूरला दवाखान्यात आणलं, आणि चौथ्या दिवशी तो गेला. खात्यातल्या डॉक्टर अरुंधती पांढरीपांडे, सगळ्यांच्या मॅडम, वॉर्डात त्याला बघून गेल्या होत्या. त्यांनी बळीरामाला बाजूला घेतलं आणि अवघडत विचारलं की वडिलांचा मेंदू तपासायला ठेवू का. बळीरामानं सही केली. बाकीचा बाप त्यानं घाटावर नेला.

तीन आठवडे मेंदू औषधात मुरला. मॅडम म्हणाल्या, हे काम दुसऱ्या कोणाला देते. बळीराम नको म्हणाला. त्याला बघायचं होतं. मानेवरचा लहान मेंदू हातात घेतला तेव्हाच त्याला कळलं की हा असायला पाहिजे त्याहून फार लहान आहे, सुकलेल्या लिंबासारखा. त्यानं तुकडा पाडला, मेणात बसवला, सुरीला धार दिली आणि बापाचे पापुद्रे काढले. एकही सुरकुती नाही. आयुष्यातली सगळ्यात चांगली कापणी त्यानं त्या दिवशी केली, आणि काचा रंगवायला ठेवल्या.

सूक्ष्मदर्शकातून त्यानं लहान मेंदू शेकडो वेळा पाहिला होता. दोन थरांच्या मधोमध मोठ्या मोठ्या पेशींची एक रांग असते, प्रत्येक पेशी सुरईसारखी, पोट मोठं आणि वर मान. त्यांना परकिंजे म्हणतात, कोण्या परदेशी शास्त्रज्ञाच्या नावावरून. बळीराम ती रांग लांबूनही ओळखायचा. देवाजीच्या काचेवर ती रांग नव्हती. एखादी इथं, एखादी तिथं, मधे नुसतं मैदान. मॅडमनी चांदीच्या रंगात आणखी एक काच करवून घेतली. प्रत्येक पेशीभोवती धाग्यांची एक टोपली विणलेली असते, ती त्या रंगात काळी दिसते. टोपल्या सगळ्या जागेवर होत्या, आत पेशी नव्हत्या.

मॅडमनी त्याला बसवून समजावलं. चालायचा हुकूम मोठा मेंदू देतो, पण पाऊल किती उचलायचं, कुठं थांबवायचं, घास ओठाशी नेताना हात कुठं आवरायचा, हे माप या पेशी सांभाळतात. त्या मेल्या की हुकूम निघतो, माप राहत नाही. माणूस लुळा पडत नाही, नुसता चुकतो, प्रत्येक पावलाला, प्रत्येक शब्दाला. आणि मेलेली पेशी परत उगवत नाही. मग त्यांनी नोंदीचा कागद ओढला.

या पेशी दोन-तीन गोष्टींनी अशा मरतात, त्या म्हणाल्या. एक म्हणजे वर्षानुवर्षांची दारू. तिच्यानं बहुधा मधला वरचा भागच जातो, इथं तर सगळीकडेच गेल्यात, म्हणून मला शंका आहे. काही घराण्यांत हा रोग रक्तातूनच उतरतो. बापाला असला तर निम्म्या लेकरांना होतो, चाळिशीच्या आसपास निघतो. काच बघून मी शपथेवर नाही सांगू शकत. म्हणून तुम्हाला विचारते.

"वडील पीत होते का, बळीराम? खरं सांगा."

पुन्हा तोच प्रश्न! बळीरामाला आत्याचं बोलणं आठवलं, कन्हानचं पात्र आठवलं. आणि घरी पाच वर्षांची प्रेमिला होती, अंगणात एका पायावर बिल्लस खेळणारी. "नाही" म्हटलं की तो रोग त्याच्या रक्तात आणि तिच्या रक्तात. "हो" म्हटलं की बाप आपल्या कर्मानं मेला आणि मागचे सगळे सुटले. एका शब्दाचं काम होतं. बाप तर तसाही गेला होता, आणि वस्तीत त्याचं नाव तसंही बुडालं होतं.

"हाव मॅडम," तो म्हणाला. "खूप पेत होता. आमच्या घरात दुसरं कोणी असं नाही."

मॅडमनी तसं लिहून टाकलं. मी बळीरामाला दोष देणार होतो, पण देत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

ती काच विद्यार्थ्यांच्या पेटीत गेली. नंबर चौऱ्याऐंशी, पुरुष, वय चोपन्न, मद्यपी. दर वर्षी प्रात्यक्षिकाच्या दिवशी पन्नास सूक्ष्मदर्शक मांडायचं काम बळीरामाचं, आणि चौऱ्याऐंशी नंबरची काच तोच लावायचा, तोच भिंगाखाली नीट आणायचा. पोरं ओळीनं येऊन डोळा लावून जायची. शिकवणारे सांगायचे, बघा, दारू काय करते. एकदा एक पोरगा हसून म्हणाला, "क्या पियक्कड था यार!" बळीराम शेजारीच फडकं घेऊन उभा होता. त्यानं भिंग पुसलं आणि पुढच्या पोराला जागा करून दिली. अशी नऊ वर्षं गेली.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात त्याची रिबिन तुटू लागली.

आधी त्यानं सुरीला दोष दिला, मग मेणाला, मग उकाड्याला. नागपूरचा उन्हाळा, मेण मऊ पडतंच. पण पावसाळ्यातही पापुद्रे सुरकुतले. काच पाण्याखाली घालायला जावी तर ती भांड्याच्या काठावर आपटायची. सायकलवरून दोनदा पडला. बोलताना शब्दाचं शेपूट राहून जायला लागलं. खात्यात कुजबूज सुरू झाली. तिथं कपाटात निव्वळ स्पिरिटच्या बाटल्या असतात, तुकड्यातलं पाणी काढायला लागतं ते. कपाटाची किल्ली एकोणीस वर्षं बळीरामाकडं होती. एक दिवस बड्या साहेबांनी ती मागून घेतली. कारण सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. बळीराम किल्ली देताना त्यांच्या हाताऐवजी टेबलाच्या कडेला हात घालून बसला आणि किल्ली खाली पडली.

मॅडमनी त्याला आपल्या खोलीत बोलावलं. बोट नाकाला लावायला सांगितलं, मग त्यांच्या बोटाला. फरशीच्या रेघेवरून चालायला सांगितलं. तो चार पावलं गेला आणि भिंतीला टेकला. मॅडमनी विचारलं, तुम्ही घेता का?

"नाही मॅडम," तो म्हणाला. "आन् माहा बापबी पेत नव्हता."

त्यानं मग सगळं सांगितलं. सभा, आजा, कन्हान, सगळं. औषध आहे का, हे विचारलं नाही, कारण बापाचा मेंदू त्यानं स्वतः कापला होता. विचारलं ते प्रेमिलेचं. मॅडम म्हणाल्या, निम्मी शक्यता. आत्ता सांगायचा काही मार्ग नाही, वाट बघायची. मग उठून त्यांनी पेटीतून चौऱ्याऐंशी नंबरची काच काढली, चिठ्ठी खरवडली आणि नवी लावली: आनुवंशिक. बळीराम ती चिठ्ठी कितीतरी वेळ वाचत होता. बाप सुटला होता, आणि त्याच चिठ्ठीत तो स्वतः अडकला होता.

पण पेटीतल्या चिठ्ठीनं वस्तीत काय होतं? बापाला बुडवलं ते सभेत, तर उचलायचा तोही सभेत, हे बळीरामाच्या डोक्यात बसलं. दोन वर्षं त्यानं ते ढकललं. कौसल्येनं ढकलायला लावलं म्हणा. ती काही वेडी नव्हती. ती म्हणायची, मेलेल्या माणसाले तुमची साक्ष काहाले पाहिजे? पोरगी मॅट्रिकले आहे, दोन वर्षांत स्थळं येतील. रक्ताची गोष्ट बाहेर काढाल त कोण येईल दारात? बळीराम म्हणायचा, रोगाचं नाव काढत नाही, फक्त आपण खोटं बोललो एवढं सांगतो. आणि सांगायचं तर आत्ताच सांगायला पाहिजे, कारण जीभ दर महिन्याला जड होत चालली होती.

त्र्याऐंशीची विजयादशमी. पांढरे कपडे घालून बळीराम प्रेमिलेच्या खांद्यावर हात ठेवून विहारात गेला. कौसल्या मागून आली. सोळा वर्षांच्या प्रेमिलेला काही माहीत नव्हतं. बाबांच्या नसा कमजोर झाल्यात, एवढंच तिला सांगितलं होतं.

वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या. भैय्याजी आता पंच्याहत्तरीचे, खुर्चीत बसलेले. बळीराम खांब धरून उभा राहिला आणि बोलू लागला. मनात वाक्य धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बाहेर आलं ते तुटून, ओढून, अर्धं घशात. "माहा बाप" एवढं लोकांना समजलं. पुढं समजावं म्हणून तो खांब सोडून दोन पावलं पुढं गेला आणि बायकांच्या रांगेत कोसळला. आरडाओरडा झाला. दोघांनी त्याला बखोटीला धरून उभं केलं. मागून कोणी म्हणालं, खाण तशी माती. दुसरा म्हणाला, आजच्या दिवशी तरी पेवाले नाही पाहिजे होतं.

भैय्याजींनी हात वर केला. गलबला थांबला. कायदा तो कायदा.

"तू घरची आहेस बाई," ते प्रेमिलेला म्हणाले. "सांग वं, पेते का तुहा बाप?"

बळीरामानं पोरीकडं पाहिलं. आयुष्यभर या प्रश्नाचं खरं उत्तर कोणीतरी द्यावं म्हणून त्याचा जीव तुटला होता. आणि आता, सगळ्या सभेसमोर लोंबकळत, त्याला मनापासून वाटलं, हिनं खोटं बोलावं. हो म्हण माय, हो म्हण, तो आतल्या आत म्हणत होता.

"नाही," प्रेमिला म्हणाली. तिचा आवाज स्वच्छ होता. "माहे बाबा कधीच पेत नाही. मी रोज त्याईच्या संग असतो, मले मालूम आहे."

घरचं माणूस सभेत खोटं बोलत नाही. भैय्याजींनी मान हलवली आणि पोरांना बळीरामाला नीट बसवायला सांगितलं. प्रामाणिक माणूस, आणि प्रामाणिक माणसाचं डोकं एकदा चालू लागलं की थांबत नाही. ते बळीरामाच्या पायांकडं बघत होते.

"पेत नाही," ते हळू म्हणाले, "त मंग झुलते काहून?"

भैय्याजींचा चेहरा उतरत गेला. देवाजीच्या डोक्यावरच्या विटा त्यांना आठवल्या असाव्यात. देवाजीबी नव्हता पेत, ते म्हणाले, स्वतःशीच म्हणाले, पण सभा इतकी गप्प होती की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. एक म्हातारी पुटपुटली, त्याचा बापबी असाच होता म्हने, खाप्याकडचे लोक सांगत. मग आजा, बाप, लेक अशी मोजणी करत एकेक नजर बळीरामावरून निघाली आणि प्रेमिलेवर येऊन थांबली. ती बापाच्या झब्ब्यावरची धूळ झटकत होती. कौसल्येनं पदर तोंडात घातला.

सतरा वर्षांनी देवाजीचं नाव त्या विहारात धुऊन निघालं. बळीरामाला तेच पाहिजे होतं, आणि ते असं मिळालं. कोणी त्याच्याशी वाईट बोललं नाही. भैय्याजींनी तर उठून त्याचे हात हातात घेतले आणि रडले. पण बाहेर पडताना चपला शोधणाऱ्या बायका प्रेमिलेसाठी जरा जास्तच बाजूला झाल्या.

घराकडं जाताना प्रेमिला बापाचा हात आपल्या खांद्यावर घेऊन चालत होती आणि म्हणत होती, बाबा, मी बरोबर बोलली ना? बळीरामानं हो म्हणायचा प्रयत्न केला. रस्त्यावर खडी पसरलेली होती, आणि तो मान खाली घालून तिची पावलं बघत चालला होता, एक, मग दुसरं, मग परत पहिलं, कुठलं वाकडं पडतं का ते बघत.